टॉकीजचा भोंगा घरी आणताना

भोंग्यांची जोडी रिक्षातून इंदूरच्या रामबागेत घरी आणली तेव्हा आई ओट्यावर बसून गहू निवडत होती. चष्म्यावरून एकदा बघून म्हणाली, "कुणाच्या मांडवातून उचलून आणलंस हे?" मांडव नव्हता, बंद पडलेली एक टॉकीज होती. पडद्यामागचं सगळं भंगारात गेलं होतं. भंगारवाल्याने ॲल्युमिनियमचे दोन भोंगे तराजूवर तोलून दिले, त्यांची युनिटं (भोंग्यामागे बसून आवाज तयार करणारे डबे) आणि पंधरा इंची वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, दोन पेट्या ठोक भावात गळ्यात घातल्या. वर "भिया, बजेंगे नहीं, गला के बर्तन बनवा लेना" हा सल्ला फुकट.

ते वाजले, पण मला सव्वा वर्ष लागलं. मी सगळं उलट्या क्रमाने केलं: आधी जास्त वॉटचा ॲम्प्लिफायर घेतला, मग जाड वायर, मग आणखी जाड वायर, आणि प्रत्यक्ष भोंगा उघडून बघायची बुद्धी सगळ्यात शेवटी झाली. भोंग्याला ताकद लागत नाही. त्याला हवी शांतता आणि नेमकी जागा. खालचा क्रम त्या हिशोबाने लावला आहे.

कुठला घ्यायचा

मिरवणुकीतला गोल भोंगा घरच्या गाण्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाक्यांसोबत, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांसोबत, आपण जे ऐकत मोठे झालो ते भोंगे आतून दुमडलेले असतात. आवाज एकदा मागे जाऊन पुन्हा पुढे येतो आणि त्या वळणांत वरचे बारीक स्वर संपतात. खाली अडीचशे-तीनशे हर्ट्झच्या आत तर काहीच नसतं. माणसाचं बोलणं लांब फेकणं हे त्याचं काम, ते तो चोख करतो. शिवाय त्यात बरेचदा १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, तो घरच्या ॲम्प्लिफायरला सरळ जोडायचा नाही.

आपल्याला हवा सरळ नळीचा भोंगा: आत पाकळ्यांसारखे पडदे असलेला, किंवा मधाच्या पोळ्यासारख्या अनेक खणांचा. अमेरिकेत ऑल्टेक लान्सिंगने १९४५ मध्ये 'व्हॉइस ऑफ द थिएटर' ही मालिका काढली, तिच्यातला ए-७ हा आकाराने त्यातल्या त्यात घरात मावणारा. पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून कोपऱ्यात ठेवायचा घरगुती भोंगाच विकायला काढला. आपल्याकडच्या टॉकीजमध्ये वेस्ट्रेक्स आणि आरसीए यांचं सामान असायचं. माझ्या जोडीवरची पट्टी कुणीतरी आधीच उखडून नेली होती, त्यामुळे नावाचा मोह मला झालाच नाही. नाव नसलेला माल घेताना मोजपट्टीवर भरवसा ठेवावा लागतो, आणि ती पुरते.

मोजायचं असं. भोंग्याच्या गळ्यापासून, म्हणजे युनिट जिथे बसतं तिथून, तोंडाकडे जाताना रुंदी वाढत जाते. घातांकी वळणाच्या भोंग्यात ठरावीक अंतर गेलं की गोलाई दुप्पट व्यासाची होते. ते अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा आणि ३८०० ला त्याने भागा. व्यास दुप्पट व्हायला साडेसात सेंटीमीटर लागत असतील तर उत्तर ५०० च्या आसपास येईल. तेवढ्या हर्ट्झच्या खाली भोंगा आवाज उचलून धरत नाही. दुसरी मोजणी तोंडाची: ११००० ला तोंडाच्या व्यासाने भागा. २२ सेंटीमीटर व्यासाला पुन्हा ५००. तोंड चौकोनी असेल तर तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास धरा, नळीच्या आतही तोच हिशोब. दोन उत्तरांतलं मोठं उत्तर खरं मानायचं, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे भोंग्याला वाटून देण्याची सीमा, त्याच्या दीडपट वर ठेवायचा. माझ्या भोंग्याचं उत्तर ५२० आलं, म्हणून मी ८०० वर थांबलो. याच सूत्राने हेही कळतं की १०० हर्ट्झपर्यंत उतरणारा भोंगा हवा तर तोंड एक मीटरहून रुंद लागेल. म्हणून खालचं काम बहुतेकांच्या घरी पेटीतला वूफरच करतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पैसे देण्याआधी

खिशात मल्टिमीटर ठेवा. १६ ओहमच्या युनिटचा डीसी रेझिस्टन्स साधारण १० ते १२ दाखवतो, ८ ओहमचा ६ च्या जवळपास. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही युनिटांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. काटा हललाच नाही तर कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळली आहे. डायफ्राम (कॉइलसह थरथरून आवाज काढणारा पातळ घुमट) नवीन मिळतो, त्यामुळे तेवढ्यावरून सौदा मोडू नका, भाव पाडा.

वूफरचा कोन दोन्ही हातांनी, बोटं गोलाकार पसरून, हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासते आहे. कोनाच्या कडेला कापडाची चुणीदार झालर असेल तर ती पन्नास वर्षांनीही टिकलेली सापडते. फोमची असेल तर बोट लावताच भुगा होतो, नवीन चिकटवावी लागेल. पेटीचा प्लाय टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर वाळवी, आणि ती आपल्या दारांच्या चौकटींपर्यंत यायला वेळ लावत नाही. माझ्या एका पेटीत झुरळांनी संसार थाटला होता. ती पेटी दोन दिवस उन्हात उघडी ठेवली, मगच घरात घेतली.

वूफरवर चुंबकाच्या जागी चार तारांचं जोडकाम आणि मोठी वेगळी कॉइल दिसली तर तो १९३० च्या दशकातल्या धाटणीचा, विजेवर चालणाऱ्या चुंबकाचा आहे. त्याला वेगळा डीसी पुरवठा लागतो, आणि तो जीवघेण्या व्होल्टेजचा असू शकतो. जाणकार सोबत नसेल तर सोडून द्या. टॉकीजच्या जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरलाही तेच लागू, आतले कंडेन्सर बंद केल्यानंतरही झटका देतात.

युनिट उघडणं

इथे घाई केली म्हणून माझा एक डायफ्राम गेला. मी युनिट सरळ ॲम्प्लिफायरला जोडलं, मध्ये कंडेन्सर नाही, आणि बटण दाबलं. "ठक्" असा एकच आवाज आला, मग काही नाही. म्हणून पहिला नियम: भोंग्याच्या युनिटाशी सिरीजमध्ये कंडेन्सर असल्याशिवाय कधीही काही जोडायचं नाही, नुसतं तपासण्यासाठीसुद्धा. ८ ओहमला १० मायक्रोफॅरड लावला तर दोन हजार हर्ट्झच्या खालचं अडतं. तपासणीला तेवढं सुरक्षित आहे.

मागचं झाकण उघडा. स्क्रूड्रायव्हर पितळी घ्या, लोखंडी घेतलात तर चुंबक तो हातातून ओढतो आणि टोक थेट डायफ्राममधून पार होतं. सियागंजात हार्डवेअरच्या दोन-तीन दुकानांत विचारलं की मिळतो. झाकण, डायफ्राम आणि युनिट यांवर एका रेषेत पेन्सिलची खूण करा, फोटो काढा. डायफ्राम सरळ वर उचलायचा, तिरका नाही.

आता जी गोल फट दिसते तिच्यात कॉइल केसभर अंतराने फिरत असते. चाळीस-पन्नास वर्षांत तिथे काळी लोखंडी धूळ चिकटलेली असते. फुंकर मारू नका, हवेचा पंपही नको, धूळ आणखी आत जाते. जाड कागदाच्या पट्टीवर मास्किंग टेप चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि फटीतून गोल फिरवा. टेप काळी झाली की बदला. मला एका युनिटला नऊ पट्ट्या लागल्या. एवढ्यानेच आवाजातली अर्धी कर्कशता गेली. ती मी सहा महिने ॲम्प्लिफायरच्या माथी मारत होतो.

यापुढे जाऊ नका. जुन्या युनिटात अल्निको चुंबक असतं, त्याच्या लोखंडी तबकड्या सोडवल्या की चुंबकाचा जोर उतरतो आणि कारखान्यात पुन्हा भारित केल्याशिवाय परत येत नाही. "पूरा खोल के साफ कर देता हूँ" म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे नको म्हणा.

डायफ्राम बदलायचा झाला तर कॉइलचा व्यास कॅलिपरने मोजा. पावणेदोन इंची कॉइल म्हणजे ४४ मिलिमीटर, डीजेवाल्यांच्या दुकानांत या मापाचे टायटॅनियमचे डायफ्राम सहज दिसतात. पण व्यास जुळला म्हणजे सगळं जुळलं असं नाही. कॉइलची उंची, घुमटाचा बाक आणि स्क्रूची भोकं हेही जुळावं लागतं. बदलाल तर दोन्ही बाजूंचे बदला. ॲल्युमिनियमचा मला टायटॅनियमपेक्षा मऊ वाटतो, हे माझं मत. फिनॉलचा, म्हणजे तपकिरी कापडासारखा दिसणारा, दणकट असतो पण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर थकतो, त्याला वर वेगळा ट्विटर, म्हणजे बारीक स्वरांचा छोटा स्पीकर, लागेल.

क्रॉसओव्हर

जुन्या क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले असतात, ते बदलायचेच. तेलाने भरलेले पत्र्याचे डबे दिसले तर ते फोडू नका, त्या काळच्या तेलात विषारी रसायनं असू शकतात. गळत असेल तर हातमोजे घालून पिशवीत बंद करून बाजूला ठेवा. नवीन पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. इथली कॉइल म्हणजे क्रॉसओव्हरमधली वेगळी गुंडाळी, स्पीकरमधली नव्हे. ती हवेच्या गाभ्याची, जाड तारेची.

८०० हर्ट्झसाठी, दर सप्तकाला १२ डेसिबल उताराच्या साध्या क्रॉसओव्हरचे आकडे: ८ ओहमला कॉइल सव्वादोन मिलिहेन्री आणि कंडेन्सर साडेसतरा मायक्रोफॅरड, १६ ओहमला कॉइल साडेचार आणि कंडेन्सर पावणेनऊ. वूफरकडे कॉइल सिरीजमध्ये आणि कंडेन्सर आडवा (म्हणजे वूफरच्या दोन टोकांमध्ये, समांतर), भोंग्याकडे उलट. दुसऱ्या वारंवारतेला आकडे त्याच प्रमाणात कमी-जास्त करा: वारंवारता निम्मी केली की दोन्ही दुप्पट.

आता खरी गोम. पंधरा इंची वूफर एका वॉटला ९५-९७ डेसिबल देतो, भोंगा १०५ किंवा त्याहून वर. तसंच जोडलं तर गाणारा कानाशी ओरडतो आणि तबल्याचा डग्गा शेजारच्या गल्लीत. भोंग्याला दोन रेझिस्टन्सनी दाबावं लागतं, एक सिरीजमध्ये, एक आडवा. ८ ओहमला ६ डेसिबल कमी करायचे तर ४ आणि ८ ओहम, १० डेसिबलला साडेपाच आणि पावणेचार. १६ ओहमला सगळं दुप्पट. दहा वॉटचे पांढरे सिरॅमिक रेझिस्टन्स पुरतात, महाराणी रोडवर एका फेरीत सगळं मिळतं.

किती दाबायचं हे कानाने ठरवा, आणि त्यासाठी एकट्या पुरुष गायकाचा आवाज घ्या. काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला, गाणाऱ्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झ, मंद्र षड्ज ६९. म्हणजे स्वराचा पाया सगळा वूफरमध्ये, पण शब्द, आकाराची झळाळी, स्वराला मिळणारी धार भोंग्यातून. दोघांचं प्रमाण चुकलं की गवयाचं धड एकीकडे आणि मुंडकं दुसरीकडे होतं. इंदूरच्या माणसाने यासाठी लांब जायची गरज नाही. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा राग लावा. झुमरा तालाच्या त्या संथ लयीत आवाज खर्जातून वर सरकताना एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतोय का, एवढंच ऐकत बसा. मारत असेल तर रेझिस्टन्स बदला आणि पुन्हा ऐका. मी तीन संध्याकाळी हेच केलं. सिख मोहल्ल्यात जन्मलेल्या लताबाईंची गाणी पहिल्या दिवशी लावू नका. तो आवाज वाईट भोंग्यातूनही गोड लागतो आणि आपण फसतो.

बसवणं

भोंग्यावर टिचकी मारा. घंटेसारखा निनादला तर तो निनाद प्रत्येक गाण्यात मिसळणार. बाहेरून मोटारीच्या दरवाजात लावतात ती डांबराची डॅम्पिंग शीट दोन थर चिकटवा. टिचकीला "टण्" ऐवजी "ठप" आलं की झालं. आतून काही लावायचं नाही.

युनिट आणि गळा यांच्या सांध्यात पातळ गॅस्केट घाला, पण गॅस्केटची कड आत डोकावू देऊ नका. सांध्यात बोट फिरवा, पायरी लागली तर बारीक कानशीने काढा. हवा तिथून निसटली तर उंच स्वरात सूं असा आवाज येतो.

मग पुढे-मागे करणं. ८०० हर्ट्झची लहर ४३ सेंटीमीटर लांब असते. भोंग्याचा डायफ्राम आणि वूफरची कॉइल यांत निम्मं, म्हणजे साडेएकवीस सेंटीमीटरचं अंतर पडलं की तेवढ्या पट्ट्यात दोघं एकमेकांना खोडतात. म्हणून भोंगा पेटीच्या वर मोकळा ठेवा, पुढच्या फळीत ठोकून टाकू नका. सुरुवात डायफ्राम वूफरच्या कॉइलच्या बरोबर वर आणून करा. मोबाइलमधल्या टोन जनरेटरवरून ८०० चा सूर अगदी हळू लावा, भोंग्याच्या तारा उलट करून बघा. दोन्हींपैकी ज्या जोडणीत सूर दबतो ती ठेवा आणि कुणालातरी भोंगा दोन-दोन सेंटीमीटर सरकवायला सांगा. बसायच्या जागी सूर सगळ्यात जास्त दबला की खूण करा आणि तारा उलटवा. आता दोघं एकमेकांना उचलतील. तारांच्या लाल-काळ्या रंगावर विश्वास ठेवू नका, जुन्या जेबीएलमध्ये लाल टोकाला धन जोडलं की कोन बाहेर न येता आत जातो. वूफरची दिशा दीड व्होल्टच्या सेलने क्षणभर टेकवून बघता येते. हा प्रयोग भोंग्याच्या युनिटावर करू नका.

खोली

आमची बैठक बारा बाय अठरा फुटांची, खाली कोटा फरशी, तिन्ही भिंती मोकळ्या. टाळी वाजवली की पाल चुकचुकल्यासारखा प्रतिसाद यायचा. सतरंजी, त्यावर गादी, आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. बारा फुटांच्या रुंदीत ४७ हर्ट्झचा आणि अठरा फुटांच्या लांबीत ३१ चा घुमारा ठरलेला. पेटी कोपऱ्यात सरकवली की खालचे स्वर फुगतात, बाहेर काढली की उतरतात. चार-चार इंचांनी हलवत राहा.

तुम्ही भोंग्यापासून दहा फुटांच्या आत बसू नका, तोपर्यंत वूफर आणि भोंगा एकजीव होत नाहीत. आतल्या बाजूला इतके वळवा की दोघांची रेघ तुमच्या डोक्याच्या थोडी पुढे एकमेकांना छेदेल. पाकळ्यांचा भोंगा आडवा पसरतो, उभा नाही, त्यामुळे तो कानाच्या उंचीला हवा. माझा उंच होता, मागे लाकडी पाचर लावून झुकवला.

ॲम्प्लिफायर

साधा ८८ डेसिबलचा स्पीकर आणि १०३ चा भोंगा यांत पंधरा डेसिबलचा फरक. म्हणजे भोंग्याला तीन वॉट दिले की साध्या स्पीकरला दिलेल्या ९५ वॉटइतका आवाज. माझा पहिला दोनशे वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण वर्षात बहुधा अर्ध्या वॉटच्या वर गेला नसेल. शिवाय निवासी भागात रात्री १० नंतर नियमाने ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि वाड्यात शेजारी भिंतीपलीकडेच झोपतात.

पण हाच गुण उलटतो. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर गाणं नसताना एक मिलिव्होल्ट खरखर असेल, तर १०५ डेसिबलच्या ८ ओहमी भोंग्यावर ती एका मीटरवर ३६ डेसिबलची होते. रात्री अकराला ती स्पष्ट ऐकू येते. साध्या स्पीकरवर तीच १९ डेसिबल, म्हणजे नाहीच. म्हणून वॉट बघू नका, शांतता बघा. दुकानात जाताना भोंगा आणि त्याचा कंडेन्सर सोबत न्या, काही न वाजवता कान लावा. ईएल-८४ व्हॉल्व्हची जोडी वापरणारा (पुश-पुल) छोटा ॲम्प्लिफायर किंवा नीट बनवलेला छोटा क्लास-डी, म्हणजे आजकालचा स्विचिंग पद्धतीचा, दोन्ही चालतात.

वर सांगितलेले दाबायचे रेझिस्टन्स इथे दुसऱ्यांदा कामाला येतात: ते ॲम्प्लिफायरच्या पुढे असल्याने खरखरही तेवढीच दाबतात. पुढे कधी डिजिटल क्रॉसओव्हर आणि दोन ॲम्प्लिफायरची जोडणी केलीत तर लोक पहिल्यांदा हेच रेझिस्टन्स काढतात, आणि मग "नवीन यंत्रात खरखर आहे" म्हणून तक्रार करतात. ठेवा ते. सिरीजमधला कंडेन्सरही ठेवा, १६ ओहमला २० मायक्रोफॅरड. ॲम्प्लिफायर बिघडून डीसी सोडू लागला तर तो डायफ्रामला वाचवतो.

घुंsss असा आवाज येत असेल तर जुन्या घरांत अर्थिंग आहे का ते आधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डवर लावा. अर्थची पिन तोडून घुंघुं घालवणारे भेटतात. तसलं काही करू नका.

पुढे पैसे उरले तर

पहिला खर्च मोजणीच्या मायक्रोफोनवर करा. सोबत आरईडब्ल्यू हे संगणकावर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं की कानाला न सापडणारे खड्डे कागदावर दिसतात. दुसरा खर्च वूफरच्या पेटीला आतून आडव्या पट्ट्या ठोकून घेण्यावर, सुताराचं एका दिवसाचं काम. भारी वायर सगळ्यात शेवटी, आणि मी ती घेऊन बसलो आहे म्हणून सांगतो, न घेतली तरी चालेल.

दर पावसाळ्यानंतर एकदा सगळं तपासावं लागतं. इथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते, तेवढ्यात प्लाय आकसतो, फुगतो, आणि स्क्रू सैल होतात. वूफरचे आठही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे-थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतलात तर फ्रेम वाकते आणि कॉइल घासू लागते. पेटीच्या हवेच्या भोकाला मागून बारीक जाळी लावा. आमच्याकडे गेल्या नवरात्रात तिथून उंदीर शिरला, आणि अमीर खाँसाहेबांच्या विलंबितात तो कुठे कुरतडतोय हे सगळ्यात आधी आईने ओळखलं.